व्हिडिओत मात्र खेळणंच!

प्रश्न: तीन वर्षं खपून 8 बाय 4 फुटांच्या प्लायवर बोरघाटाचं रेल्वे मॉडेल केलं आहे. एचओ स्केल, दोन बोगदे, एक दगडी पूल, पावसाळी हिरवळ. मोबाइलवर शूट करून आमच्या छंदी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर एकाने ‘छान खेळणं’ म्हटलं, दुसऱ्याने गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, चुकल्याचं लिहिलं. समोरून बघणाऱ्याला मात्र लेआउट खरंच आवडतो. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: तुम्ही पाठवलेला व्हिडिओ दोनदा पाहिला. घाट झकास उतरलाय, पुलाच्या दगडांवरचं शेवाळ तर मानलं! पण तुम्ही उभ्याउभ्या, वरून शूट केलंय. एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. त्या घाटातल्या गँगमनचे डोळे जमिनीपासून जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरवर. टेबलापासून अर्धा मीटर वर धरलेला तुमचा फोन त्याच्या लेखी चौदा मजल्यांच्या गच्चीवर आहे. तेव्हा फोन आडवा आणि उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते, आणि सरळ रुळाशेजारी टेकवा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि इंजिन अंगावर येऊ द्या.

मग वेग. तुमची मालगाडी लांब बाजू पाच सेकंदांत पार करते. म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशोबात ताशी दीडशे किलोमीटरच्या वर! घाटात ताशी 40 धरली, तर 8 फुटांना 19 सेकंद लागायला हवेत. 1:37 चा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर चढ आहे हो, खरी गाडी तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून चढते.

व्हिडिओत पट्टे सरकतात ते एलईडी दिव्यांमुळे. कॅमेऱ्याचं शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवून बघा, बहुधा जातील.

मागचं गाणं काढाच. चाकांचा खडखडाट ऐकू द्या. माझ्या पहिल्या व्हिडिओत गाडी बोगद्यात शिरताना नेमकी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आली होती. दोघांनी विचारलं, साउंड डिकोडर (मॉडेल इंजिनातून आवाज काढणारी चिप) कुठला! मी आठवडाभर खरं सांगितलं नाही.

गेजचं म्हणाल, तर त्यांचा मुद्दा बरोबर, सूर चुकीचा. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी, 87 ने भागलं की 19.3 मिमी येतं. एचओचे तयार रूळ 16.5 मिमीचे, कारण ते 1435 मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून केलेले. स्वतः रूळ ठोकणारे सोडले, तर आपण सगळे एकाच डब्यात. व्हिडिओखाली ‘रूळ 16.5 मिमी’ असं आधीच लिहून टाका.

एक न विचारलेलं. दुसऱ्या बोगद्यातून निघताना इंजिन आचके देतं. आधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि माती थेट खंडाळ्याहून आणली असेल, तर तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काळ्या कणांची मिशी चिकटलेली दिसेल. हेच कण मोटरीत शिरतात. माझं एक इंजिन असंच गेलं.

नवा व्हिडिओ ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते शेवाळ दाबून दाबून नुसता हिरवा डाग होईल.