कशिदा काढावा, कसीदा पोचवावा

प्रश्न असा आहे : ‘मंत्र्यांच्या स्तुतीचे कशिदे वाचले’ हे बरोबर का? आणि अरबीत पैगंबरांवरच्या भक्तिकाव्यालाही कसीदाच म्हणतात, मग तीही खुशामतच का?

पहिल्याचं उत्तर, नाही. कशिदा वाचत नाहीत, काढतात. बातम्यांमध्ये हे ‘कशिदे वाचणं’ ऐकून कान किटले आहेत. हिंदीतलं ‘कसीदे पढना’ उचललं आणि उच्चार सुईदोऱ्याचा ठेवला. कशिदा फारसी, ‘कशीदन’ म्हणजे ओढणे यावरून आलेला. माझी आत्या अभ्र्यावर मोर काढायची, तेव्हा रिंगेत ताणलेल्या कापडातून दोरा सर्रकन ओढल्याचा आवाज यायचा. शब्दाची व्युत्पत्ती त्या आवाजातच आहे. अरबी लिपीत अक्षर लांबवायला जी आडवी रेघ ओढतात, तिलाही कशीदाच म्हणतात.

कसीदा, म्हणजे स्तुतिकाव्य, मात्र अरबी. त्याचा ‘क’ घशातला, ‘स’ जड. धातू क-स-द : एखादं ठिकाण मनात धरून तिकडे निघणे. ‘मकसद’ त्यातलाच. आणि पेशवाईच्या कागदांत पत्रं घेऊन धावणारा आपला कासीद, तोही याच घरातला! कासीद आणि कसीदा ही भावंडं आहेत, हे कळलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. जुने अरबी कोशकार ‘कसीद’ला हाडातल्या घट्ट मज्जेशीही जोडतात, म्हणजे कसदार काव्य. मला हे अजिबात मान्य नाही. कसीद्याची चालच पाहा ना : उजाड झालेल्या मुक्कामाची आठवण, मग उंटावरचा प्रवास, शेवटी ज्याच्याकडे जायचं त्याच्या दारात. निघाला, चालला, पोचला. यात मज्जा कुठे आली? दारात पोचलेला कासीद मागणं मांडतो, आणि कसीद्याचं राजकारण नेहमी त्या मागण्यातच असतं.

काब इब्न झुहैर हा कवी जीव वाचवायला पैगंबरांसमोर कसीदा घेऊन गेला आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे त्याला त्यांची बुर्दा, म्हणजे चादर, मिळाली. तेराव्या शतकात इजिप्तच्या बूसीरीने अर्धांगवायूत कसीदा रचला. स्वप्नात पैगंबरांनी अंगावर चादर टाकली आणि तो बरा झाला, म्हणून त्या काव्याचंही नाव बुर्दा. पहिल्याने जीव मागितला, दुसऱ्याने शरीर.

आता आधुनिक काळाकडे या. १९१० मध्ये इजिप्तचाच कवी अहमद शौकी याने बूसीरीचंच वृत्त आणि त्याचंच ‘म’चं यमक घेऊन ‘नहज अल-बुर्दा’ लिहिली. नहज म्हणजे वाट. निमित्त खेदिव, म्हणजे इजिप्तचे शासक, अब्बास हिल्मी यांच्या हजयात्रेचं. इजिप्तवर १८८२ पासून ब्रिटिशांचा ताबा. सुरुवात अगदी जुन्या वळणाची, माळावरच्या हरिणीने घायाळ केलेल्या प्रेमिकाची. इस्लाम तलवारीने पसरला म्हणणाऱ्यांना मध्येच खणखणीत उत्तर. आणि शेवटी अल्लाहला विनवणी : लोक मरणातून उठले, राष्ट्रं झोपेतून जागी झाली, आमच्यावरही दया कर. काबने स्वतःचा जीव मागितला होता, शौकी अख्ख्या समाजाचा मागतो. काही अभ्यासक ‘हे शुद्ध भक्तिकाव्य, राजकारण शोधू नका’ म्हणतात. त्यांनी शेवटच्या ओळींपर्यंत वाचलंच नाही, असं मी स्पष्ट म्हणतो. याचना काढून टाकली तर कसीदा वाटेतच थांबेल.

उलट बाजूने ‘भक्ती हा नुसता बुरखा’ म्हणणारेही तितकेच चूक. बूसीरीची चादर खरी मानल्याशिवाय तिच्या आधाराने काही मागताच येत नाही.

खुशामतीचं म्हणाल तर, दरबारी कसीद्यात ती भरपूर असते, पण ती थैलीच्या आशेची. शौकीच्या कवितेमागे खेदिवही आहे, म्हणून मी तिला निर्लेप म्हणणार नाही. पण मागणं थैलीचं नाही.

आणि एक. शौकीचाच मौलिदवरचा, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसावरचा, ‘सलू कल्बी’ हा कसीदा इजिप्तची गायिका उम्म कुल्सूम हिने १९४६ मध्ये रियाद अल-सुंबातीच्या चालीत गायला. त्यात एक ओळ येते : नुसत्या इच्छेने मागण्या पदरात पडत नाहीत, जग झगडून घ्यावं लागतं. पैगंबरांच्या जन्माचं गाणं, आणि ऐकणाऱ्यांनी त्यात ब्रिटिशांविरुद्धची हाक ऐकली. ओळीतला ‘मागण्या’साठीचा शब्द आहे ‘मतालिब’, आपल्या ‘मतलब’चं अनेकवचन. मराठीत आपण त्याचा स्वार्थ केला. कैरोत तो तेव्हा एका देशाच्या मागण्यांचा शब्द होता.