सरांना आत्ताच विचारा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली: "यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, अजून तोंडपाठ आहे, पण जेवण झालं का ते आठवत नाही." तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या सरांना आठ महिन्यांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. पुढचं सगळं आत्ताच ठरवून ठेवावं असं तुम्हाला वाटतं, मुलगा म्हणतो, "आई, आत्तापासून अभद्र कशाला बोलतेस?" आणि आपण यांच्या पाठीमागे काहीतरी करतोय, या विचाराने तुम्हाला झोप लागत नाही.

मग पाठीमागे करूच नका. त्यांच्यासमोर करा, त्यांना विचारून करा, आणि लवकर करा.

आमच्या घरी उशीर झाला होता. सासरे बँकेत पेन हातात धरून बसले. आडनावाची दोन अक्षरं नीट उमटली आणि पेन तिथेच थांबलं. माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "पुढे काय?" त्या दिवशी सही झालीच नाही. म्हणून सांगते, सरांची सही अजून ठाम आहे तोवरच कागद उरका.

मुखत्यारपत्र केलं की काम झालं, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. आज त्याचा उपयोग आहेच. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे, ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. मग घरच्यांना पालकत्वासाठी बऱ्याचदा उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यापेक्षा पेन्शनचं खातं दोघांच्या नावे करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशा पद्धतीचं. मुदत ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागणार नाहीत ना, तेही बँकेत विचारून घ्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते वारसांपैकी नकोत. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे सरांना सगळं समजत होतं का, असं पुढे कोणी विचारलं तर उत्तर हाताशी राहील. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांना मानसिक उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधीही नेमता येतो. हे सगळं चांगल्या वकिलाकडे दोन-तीन खेपांत होईल.

खरं अवघड काम घरात आहे. तुम्हाला आंघोळ कोणी घातलेली चालेल? मी, मुलगा, की बाहेरून कामाला येणारे मामा? गिळता येईनासं झालं तर नळी घालायची का? शेवटचे दिवस घरी की दवाखान्यात? हे प्रश्न विचारताना तुमचा जीव गोळा होईल, मला माहीत आहे. पण आज तुम्ही विचारलं नाहीत, तर उद्या मुलं अंदाजाने ठरवतील आणि त्या अंदाजावरून आयुष्यभर भांडतील. उलट "बाबांनीच सांगितलं होतं" एवढं एक वाक्य हाताशी असलं की त्या घरात किती शांतता राहते, हे मी पाहिलं आहे.

'वृद्धाश्रमात कधीच ठेवणार नाही' असं वचन तुम्ही त्यांना दिलंय. ताई, ते वचन बदला. 'तुम्हाला एकटं टाकणार नाही' एवढं द्या, ते तुम्ही पाळू शकाल. तुमच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण रात्री तीनदा उठून सहा फुटी माणसाला सावरणं त्या गुडघ्यांना झेपणारं नाही. म्हणून दिवसातून दोन तास मदतीला येणारा माणूस आत्ताच शोधा. गरज आजची नाही, पण चेहरा ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि पुढे अनोळखी माणसाला ते अंगाला हात लावू देणार नाहीत. मुलाला आणि मुलीला 'मदत करा' म्हणू नका. कोणत्या महिन्यात कोण किती दिवस येणार, ते कॅलेंडरवर लिहून घ्या.

संध्याकाळी हे विषय काढू नका, तेव्हा त्यांचा गोंधळ वाढतो असं तुम्हीच लिहिलंय. सकाळी चहानंतर एक चौकटीची वही त्यांच्यापुढे ठेवा. उत्तरं त्यांनाच त्यांच्या अक्षरात लिहू द्या, एका दिवशी एकच. पहिला प्रश्न पैशाचा नको आणि नळीचाही नको. "पुढे मी विसरले तर, तुम्हाला चहात साखर किती लागते ते लिहून ठेवा," असं म्हणा आणि पेन त्यांच्या हातात द्या.

तुमची मैत्रीण