अंड्याची कोंबडी आणि मांसाची कोंबडी: परसातल्या पाळणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

परसातल्या कोंबड्यांबद्दल आलेले प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे. बहुतेकांची तक्रार दोनपैकी एक असते. एक, "खातात भरपूर, पण अंडी देत नाहीत." दोन, "अंगाला लागत नाही, वजन भरत नाही." पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच खुराड्यातून आलेल्या असतात, आणि तिथेच खरी मेख आहे.

प्रश्न: बारा कोंबड्या आणि चार कोंबडे एकत्र ठेवले आहेत. घरापुरती अंडीही हवीत आणि मांसही. जात कोणती घ्यावी? सगळ्यांना एकच खाद्य चालेल का?

कोंबडीने खाल्लेला दाणा एकतर अंड्यात जातो, नाहीतर अंगात. दोन्हीकडे सारखा जात नाही. अंड्यांची जात लेगहॉर्न नीट ठेवली तर वर्षाला २८० ते ३०० अंडी देते, पण तिचे अंग हलके, कापली तर हाडेच हाताला लागतात. मांसाची जात ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो. मात्र त्याला अंड्यांच्या आशेने सांभाळत बसलात तर पाय आणि हृदय दोन्ही दगा देतात, एके सकाळी उताणा पडलेला सापडतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. एवढीच, पण ती स्वतः अंडी उबवते, पिल्ले वाढवते, घारीची सावली दिसताच आडोशाला पळते. ही कामे कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत. ऱ्होड आयलंड रेडसारख्या दुहेरी जाती या सगळ्यांच्या मधल्या. चांगल्या निगेत दोनशेच्या वर अंडी देतात आणि त्यांचे नरही अंगाने भरतात. घरापुरत्या कामाला मी दुहेरी जातच सुचवीन. पिल्ले घरीच काढायची असतील तर सोबत दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवा.

जात दुहेरी असली तरी व्यवस्था दुहेरी करू नका. नर ओळखू आले, म्हणजे साधारण आठ-दहा आठवड्यांचे झाले, की वेगळे करा. बारा कोंबड्यांत एक कोंबडा पुष्कळ झाला. चार ठेवलेत तर माद्यांच्या पाठीवरची पिसे जातात, त्या नरांना चुकवत कोपऱ्यात उभ्या राहतात आणि पोटभर खात नाहीत. नुसती खायची अंडी हवी असतील तर एकाही कोंबड्याची गरज नाही. अंडे कोंबड्याशिवायही येते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. हे अनुभवी माणसांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

खाद्याचे म्हणाल तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. तेच खाद्य वाढत्या पिल्लांना किंवा नरांना रोज दिले तर मूत्रपिंडे बिघडतात. वेगळे करायला जागाच नसेल तर एक सोपी युक्ती आहे. सगळ्यांना वाढीचे खाद्य, म्हणजे ग्रोअर, द्या आणि शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर तिकडे जाते, कोंबडा ढुंकूनही पाहत नाही.

प्रश्न: रोज आठ-नऊ अंडी मिळत होती, आता तीनवर आली. कोणते टॉनिक द्यावे?

टॉनिक नंतर पाहू. आधी चार ठिकाणी नजर टाका.

पहिले, अंडी खरेच कमी झाली आहेत की दुसरीकडे पडत आहेत? मोकळ्या कोंबड्या गवताच्या गंजीखाली, सरपणाच्या ढिगामागे गुपचूप घरटे करतात. बहुतेक अंडी सकाळीच पडतात. म्हणून चार-पाच दिवस दहा-अकरा वाजेपर्यंत त्यांना आतच ठेवा. लगेच हिशेब लागेल.

दुसरे, कोण देते आणि कोण देत नाही? यासाठी रात्री जा. दांडीवर बसलेली कोंबडी अंधारात शांत असते, हळूच उचलता येते. तिला काखेत धरा आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोके लागतात ती चाचपा. त्या दोन टोकांत तुमची दोन-तीन बोटे बसली, पोट मऊ लागले आणि गुदद्वार ओलसर, रुंद दिसले तर ती अंड्यावर आहे. एक बोटही जेमतेम शिरत असेल, टोके टणक असतील तर ती सध्या तुमचा दाणा फुकट खाते आहे. पिवळ्या पायांच्या जातीत आणखी एक खूण असते. महिनोन्महिने अंडी देणाऱ्या कोंबडीचे पाय फिके पडतात, कारण पिवळा रंग बलकात जातो. पिवळेधमक पाय पाहून लोक कौतुक करतात. मला मात्र अशा कोंबडीची शंका येते.

न देणारी दिसली म्हणून लगेच सुरी शोधू नका. ती पिसे टाकत असेल तर अंडी थांबणारच, पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. दोन-तीन महिन्यांत नवी पिसे आली की ती पुन्हा सुरू होते. या काळात खाद्य कमी करण्याची चूक मात्र सर्रास होते.

तिसरे, उजेड. अंडी देण्याचा इशारा शरीराला उजेडातून मिळतो, आणि त्यासाठी दिवस १४ ते १६ तासांचा लागतो. दिवस लहान झाले की अंडी आपोआप उतरतात. दिवा लावायचा असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला की जमिनीवरच्या कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. पहिले अंडेही न दिलेल्या लहान तलंगांना हा जादा उजेड देऊ नका. अंग भरण्याआधी अंड्यावर आल्या तर अंडे अडकण्याचा धोका असतो.

चौथे, पाणी आणि खाद्य. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नोकरीच्या सुरुवातीला एका घरी मी अंडी का थांबली म्हणून औषध लिहून दिले होते. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा दिसले की पाण्याचे भांडे पत्र्याला लागून ठेवले होते आणि दुपारी त्यातले पाणी हाताला चटका देत होते. कोंबड्या तहानलेल्या होत्या, औषध वाया गेले. तेव्हापासून मी खुराड्यात गेलो की आधी पाण्यात बोट घालतो.

आणि नुसता मका घालत असाल तर अंडी कमी का म्हणून विचारूच नका. मक्यात आठ-नऊ टक्के प्रथिन, अंड्यावरच्या कोंबडीला हवे सोळा. घरी दहा किलो खाद्य करायचे असेल तर साधारण साडेपाच किलो मक्याचा भरडा, सव्वादोन किलो सोयाबीन पेंड, एक किलो भाताचा कोंडा, ९०० ग्रॅम शिंपल्यांचा भरडा, दीडशे ग्रॅम डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड, डायकॅल्शियम फॉस्फेट), ३० ग्रॅम मीठ, आणि खनिज-जीवनसत्त्व मिश्रण पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. पेंड म्हणजे पेंडच. कच्चे सोयाबीन दळून घालू नका, त्यातला एक घटक प्रथिन पचूच देत नाही. बुरशी आलेला, कुबट वासाचा मका कोंबड्यांना घालून संपवायची सवय सोडा. त्या बुरशीचे विष काळजाला, म्हणजे यकृताला खाते आणि त्यावर उतारा नाही.

प्रश्न: अंड्याचे कवच पातळ येते, काही तर बिनकवचाचीच. कोंबड्या अंडी फोडून खाऊ लागल्या आहेत.

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळजवळ वीस तास नुसत्या कवचाला जातात, आणि हे काम मुख्यतः रात्री चालते. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सकाळी दिलेली बारीक चुनखडी संध्याकाळपर्यंत पोटातून निघून गेलेली असते, मग रात्री कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपला जाडसर, ज्वारीच्या दाण्याएवढा फोडा आणि संध्याकाळी द्या. तो पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, थांबतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. खर्च तेवढाच, फक्त वेळ बदलायची.

अंडी खाण्याची खोड पातळ कवचातूनच लागते. चुकून एक फुटते, चव कळते, आणि एकीचे पाहून दुसरी शिकते. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद-उंच असा एक अंधारा खोका ठेवा, त्यात पेंढा भरपूर घाला आणि अंडी दिवसातून तीनदा उचला. खोड मुरलेली एखादी असतेच. बलकाने माखलेली चोच पाहून ती ओळखा आणि वेगळी काढा.

प्रश्न: कोंबडी खुडूक होऊन बसते, उठतच नाही.

पिल्ले हवी असतील तर तिच्यासारखी दुसरी सोय नाही. आठवड्याच्या आतली, स्वच्छ, न धुतलेली दहा-बारा अंडी रात्री तिच्याखाली सरकवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडे धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर ते धरले, आरपार स्वच्छ दिसले तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. पिल्ले नको असतील तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पेंढा घालू नका, दाणापाणी मात्र नेहमीसारखे द्या. पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय निर्दयी आहे आणि त्याचा उपयोगही होत नाही.

प्रश्न: विकत आणलेली पिल्ले पहिल्या आठवड्यातच मरतात.

बहुतेक वेळा थंडीने. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा, सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर ठीक. आल्याबरोबर प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवा, दाणा त्यानंतर.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागली तर खालचे तूस ओले आहे असे समजा. हा रोग ओलाव्यात वाढतो. औषध पशुवैद्यकाकडून घ्या, पण पाण्याचे भांडे विटेवर उंच करून ओले तूस काढले नाही तर पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

प्रश्न: मानमोडीची लस दिली तरी कोंबड्या गेल्या. लस खोटी होती का?

असेलही, पण आधी लस कशी दिली ते सांगा. लासोटाची, म्हणजे मानमोडीच्या लसीची, कुपी दोन ते आठ अंश थंडाव्यातच राहायला हवी. बाजारातून ती खिशात घालून आणली, दुपारी मिसळली आणि क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यातून पाजली, तर त्या पाण्यात लस उरलेलीच नसते. बर्फात आणा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या, मिसळल्यावर दोन तासांत संपवा. पहिली मात्रा पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून. दुसरी चौथ्या आठवड्याच्या सुमारास. आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी ही मानमोडीचीच टोचायची लस. गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस चौदाव्या दिवशी, देवीची सहा-सात आठवड्यांना. आजारी पक्ष्यांना लस देऊ नका, आणि घरात रोग शिरल्यावर लस शोधायला धावू नका.

एकदम बरेच पक्षी मेले, तुरे निळे-काळे पडले, तोंड सुजले तर मेलेली कोंबडी उघडू नका, विकू नका, खाऊ नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा.

प्रश्न: आजार दिसत नाही, तरी कोंबड्या निस्तेज, तुरे पांढुरके.

पुन्हा रात्रीच जा, बॅटरी घेऊन. बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूला आणि सांध्याच्या फटीत पाहा. राखेसारखी पूड आणि तीत हलणारे लाल ठिपके दिसले तर ते गोचिडासारखे रक्त पिणारे किडे. दिवसा ते फटीत लपतात, म्हणून कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. औषध अंगावर नव्हे, फटींत जायला हवे. दांड्या काढून उकळते पाणी ओता, उन्हात टाका, आठवड्याने पुन्हा तेच करा. राख-मातीचा खड्डा कोंबड्यांना लोळायला ठेवा. लाल किडे दिसले नाहीत तर जंतांचा विचार करा. दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्या, आणि अंडी-मांस किती दिवस खायचे नाही हे पाकिटावर वाचा.

प्रश्न: नर केव्हा कापावेत? मांस चिवट लागते.

दुहेरी जातीचा नर १६ ते २० आठवड्यांत. त्यानंतर तो खातो जास्त आणि भरतो कमी. कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना मांस खराब होत नाही. पिसे काढायला उकळते पाणी नको. ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात मिनिटभर बुडवले की पिसे सुटतात आणि कातडीही फाटत नाही. चिवटपणाचे कारण बहुधा घाई असते. कापल्यावर काही तासांत मांस ताठरते, तेव्हाच शिजवले तर ते चिवटच लागणार. फ्रिजमध्ये एक दिवस ठेवून मग शिजवा. दोन वर्षांच्या कोंबडीला मात्र मंद आचच हवी, रस्सा तिचाच चांगला.

प्रश्न: अंडी धुऊन ठेवावीत का?

नको. अंड्यावर जन्मतः एक पातळ लेप असतो, तो छिद्रे बुजवतो. घाण कोरड्या फडक्याने पुसा. फारच माखलेले असेल तर कोमट पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी पूर्ण शिजवून खा. अंडी रोजच माखत असतील तर खोक्यातला पेंढा बदला, आणि त्यात रात्री झोपणाऱ्या कोंबडीला उचलून दांडीवर बसवा.