परग्रहवासी, परगृहवासी आणि थेम्समधला गिऱ्हा

प्रश्न असा आला आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतली १९६४ सालची ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ ही कथा, म्हणजे डालेक नावाचे धातूच्या कवचातले परग्रहवासी पृथ्वी बळकावतात ती, चौघा मित्रमैत्रिणींनी एकत्र बसून पाहिली आणि मग आपापलं मत एकमेकांना लिहून पाठवलं. एकाने लिहिलं, ‘परगृहवासीयांनी पृथ्वीवर केलेलं अतिक्रमण अंगावर येतं.’ दुसऱ्याची तक्रार, नावात आक्रमण आहे, पण आक्रमण होताना दाखवलंय कुठे? तिसरीने विचारलं, डालेक नदीच्या पाण्यात काय करत होता? चौथ्याला पृथ्वीचा गाभा उपसून काढायची कल्पना बालिश वाटली. विचारणाऱ्याला हवंय ते एवढंच: पहिलं वाक्य शुद्ध आहे का, आणि ‘एलियन’ला मराठीत चांगला शब्द कोणता?

वाक्य शुद्ध नाही. त्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही मी रोज ऐकते.

‘वासीय’ असा शब्दच नाही. ‘वासी’ म्हणजे राहणारा, तिथे शब्द पुरा झाला. त्याला पुन्हा ‘ईय’ कशाला? ‘भारतीय’, ‘कुटुंबीय’ हे शब्द भारत आणि कुटुंब या नामांना ‘ईय’ लागून झाले, त्यांच्या देखादेखी ‘मुंबईवासीयांनो’, ‘पुणेवासीयांनी’ सुरू झालं. आपण ‘प्रवासीयांनी रांगेत उभं राहावं’ म्हणतो का? ‘रहिवासीयांची सभा’ म्हणतो का? प्रवाशांनी, रहिवाशांची, तसंच परग्रहवाशांनी. फार तर परग्रहवासींनी. ‘वासीय’ कानाला भारदस्त लागतं, आता रूढही झालं, मग चालवून घ्या, असं सांगणारे भाषातज्ज्ञ आहेत. त्यांना माझा सवाल आहे की मग ‘प्रवासीय’ का रूढ झालं नाही? कारण तो शब्द लोक रोज वापरतात आणि रोजच्या वापरातल्या शब्दाला कान चुकू देत नाही. फलकावर आणि भाषणात राहणारे शब्दच असे बिघडतात.

‘अतिक्रमण’ म्हणजे हद्द ओलांडणं. शेजाऱ्याने कुंपण दोन हात पुढे सरकवलं की ते अतिक्रमण. डालेकांनी केलं ते आक्रमण. दोन्हीकडे ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं आहे, पण अतिक्रमणात पाऊल पलीकडे पडतं आणि आक्रमणात ते वर पडतं, समोरच्याच्या अंगावर. म्हणून दुसऱ्या मित्राची तक्रारही मला मान्य नाही. कथा सुरू होते तेव्हा डालेक येऊन दहाएक वर्षं उलटलेली असतात. उल्कांचा मारा, मग रोगाची साथ, मग तबकड्या, हे सगळं एका पात्राच्या तोंडून कळतं. पडद्यावर दिसतं ते पायाखाली गेलेलं लंडन. इंग्रजीत स्वारी आणि कब्जा यांना वेगळे शब्द आहेत, म्हणून तिथल्या प्रेक्षकाला नाव खटकलं तर ठीक. आपल्या शब्दात मात्र टाकलेलं पाऊल आणि न उचललेलं पाऊल दोन्ही मावतात. ‘आक्रांत’ देश म्हणजे नुसता हल्ला झालेला देश नव्हे, व्यापला गेलेला देश. जुन्या मराठीत यासाठी ‘परचक्र’ होतं. चक्र म्हणजे सैन्य. सात ईतींमध्ये, म्हणजे पिकांवरच्या नि राज्यावरच्या संकटांमध्ये, अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर आणि पोपट यांच्या जोडीला स्वचक्र नि परचक्र मोजलेलं आहे. इतका नेमका शब्द आपण टाकून दिला, याचं मला मनापासून दुःख आहे.

आता तिसरी चूक, आणि हिच्यासाठीच मी लिहायला बसले.

‘परगृह’ नव्हे, ‘परग्रह’. गृह म्हणजे घर, ग्रह म्हणजे मंगळ, शनी वगैरे. एवढं सांगून शुद्धलेखनवाले पुढे जातात. पण ग्रह म्हणजे काय? ‘सूर्याने आपल्या आकर्षणाने धरून ठेवलेले ते ग्रह’ असं मला शाळेत शिकवलं होतं आणि आजही मोठी माणसं ते छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत सतराव्या शतकातला आणि शब्द अथर्ववेदात आहे. शिवाय जुन्या ज्योतिषात सूर्य स्वतःच ग्रह आहे. त्याला कुणी धरलं? चंद्र ग्रह, राहू ग्रह, केतू ग्रह आणि पृथ्वी मात्र ग्रह नाही. नवग्रहांची यादी म्हणून बघा, पृथ्वी सापडायची नाही. कारण ग्रह हा धरला गेलेला नसतो, तो धरणारा असतो. राहू सूर्याला धरतो ते ग्रहण. शनी माणसाला धरतो, साडेसात वर्षं सोडत नाही. तान्ह्या मुलाला धरतात ते बालग्रह. सुश्रुताने ते नऊ सांगितले आहेत आणि त्यांचा आकाशातल्या मंगळ-बुधाशी काही संबंध नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रोग्याला पकडून बसणारी ‘ग्राही’ आहे. ग्रीकांनी त्याच ज्योतींना ‘भटके’ म्हटलं, प्लॅनेट म्हणजे भटक्या. त्यांनी चाल पाहिली, आपल्याकडच्यांनी पकड पाहिली.

म्हणजे आकाशातून कुणीतरी येतं आणि पृथ्वीवरच्यांना पकडतं, ही कल्पना आपल्याला कुणा परदेशी लेखकाकडून उसनी घ्यावी लागली नाही. ती ‘ग्रह’ या दोन अक्षरांत पहिल्यापासून आहे. या कथेत डालेक माणसांच्या डोक्यावर यंत्र चढवतात आणि त्यांना चालते-बोलते गुलाम करतात, ते रोबोमेन. आपल्या आजीला ते दृश्य दाखवलं असतं तर तिने ‘याला काहीतरी धरलंय’ असंच म्हटलं असतं.

आता संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी उघडा. तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं १४३वं सूत्र, ‘विभाषा ग्रहः’. ग्रह् धातूपासून दोन रूपं होतात, ग्राह आणि ग्रह. या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या जुन्या टीकेचे कर्ते स्पष्ट करतात की हा विकल्प मनाला येईल तसा नाही. जलचर असेल तर ग्राहच, आकाशातली ज्योती असेल तर ग्रहच. ग्राह म्हणजे मगर, गजेंद्राचा पाय धरणारी. आणि लगेच पुढचं, १४४वं सूत्र, ‘गेहे कः’. त्याच धातूपासून, घर या अर्थी, गृह. मगर, ग्रह आणि घर, तीन सख्खी भावंडं दोन लागोपाठच्या सूत्रांत! मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

इथे युरोपीय भाषाशास्त्रज्ञ आडवे येतात. त्यांचं म्हणणं, गृह या कुटुंबातलं नाही. वेदात धरण्याचा धातू ‘ग्रभ्’ आहे, भकाराचा. लग्नात अजून म्हणतात ना, ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’. गृह मात्र वेदातही हकाराचंच आहे, तेव्हा त्याचं मूळ कुंपण, आवार अशा अर्थाचं दुसरं काहीतरी, आणि पाणिनीने नुसत्या ध्वनिसाम्यावर जोडणी केली. युक्तिवाद वजनदार आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण हीच मंडळी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं सूर्यासूक्त, म्हणजे लग्नाचं सूक्त, पुरतं वाचतात का? ‘गृभ्णामि’ आहे ती छत्तिसावी ऋचा. त्याच सूक्तातली सव्विसावी काढा: ‘पूषा त्वेतो नयतु हस्तगृह्य’, पूषा तुला हात धरून नेवो. इथे धरणं हकाराने आलं आहे. आणि याच ऋचेत पुढे ‘गृहान् गच्छ’, घरी जा. एकाच ऋचेत, एकाच श्वासात, हात धरणं आणि घर. ऋषीला त्यांचं नातं ऐकू येत होतं, याबद्दल मला शंका नाही. ध्वनिनियमांच्या तक्त्याने काही म्हणो, ज्यांची भाषा होती त्यांच्या कानावर मी जास्त विश्वास ठेवते.

आता तिसरीचा प्रश्न, पाण्यातल्या डालेकचा. पहिल्या भागाच्या शेवटी थेम्सच्या पाण्यातून एक डालेक सावकाश वर येतो. तो पाण्यात का होता हे कथेत पटेल असं येत नाही आणि प्रेक्षक त्यावर अडून बसतात. कोकणातल्या कुणालाही तो प्रसंग ओळखीचा वाटेल. आपल्याकडे पाण्यातलं भूत असतं, गिऱ्हा. रात्री खाडीच्या किंवा नदीच्या कडेने जाणाऱ्याला हाक मारतं, चकवतं, खोल पाण्यात ओढतं. हा शब्द ‘ग्रह’वरून आला असं कुणी सांगेल. मी सांगते, तो ‘ग्राह’वरून आला. ‘ग्राहक’चं गिऱ्हाईक झालं तसंच ग्राहचं गिऱ्हा. आणि पाणिनीच्या परंपरेने जलचराला जो ‘आ’ स्वर राखून ठेवला, तोच ‘आ’ नेमका पाण्यातल्या भुताला मिळावा हा योगायोग मी मानत नाही. भूत जमिनीवरचं असतं तर मी ‘ग्रह’ सोडायला राजी झाले नसते. पाण्यातून वर येऊन धरणारा तो ग्राह, तो गिऱ्हा. त्यामुळे आकाशातून आलेला ग्रह नदीतून ग्राह होऊन वर येतो आणि आपल्या गृहात ठाण मांडतो, अशी ही सगळी कथा माझ्या डोळ्यांपुढे एका धातूची रूपावली म्हणून उभी राहते.

गाभ्याबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधल्या बेडफर्डशरमध्ये खाण खणून पृथ्वीचा गाभा काढायचा, तिथे यंत्र बसवायचं आणि पृथ्वीच हवी तिकडे चालवत न्यायची, असा डालेकांचा बेत असतो. भौतिकशास्त्राला हे पटणार नाही, चौथ्या मित्राचं खरं आहे. पण बालिश? ग्रीकांनी ज्याला भटक्या म्हटलं, त्याला सूर्यापासून सोडवून खरोखर भटकायला लावायचं, ही कल्पना मला भव्य वाटते.

आणि ‘एलियन’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दुसऱ्याचा’, म्हणजे आपला ‘परका’ अगदी जवळचा. पण मी ‘उपरा’ घेईन. गावचा नसलेला, बाहेरून येऊन राहिलेला तो उपरा. मला तो ‘उपरि’शी, म्हणजे ‘वर’शी जोडावासा वाटतो, आणि तसं असेल तर वरून उतरलेल्यांना याहून चपखल शब्द शोधूनही मिळणार नाही. ‘परग्रहवासी’ सहा अक्षरी आहे आणि त्यातला ‘वासी’ सांगतो की तो तिकडे राहतो. हे डालेक तर दहा वर्षं इकडेच राहतायत. तेव्हा पहिल्या मित्राचं वाक्य असं करा: ‘उपऱ्यांनी पृथ्वीवर केलेलं आक्रमण अंगावर येतं.’ आणि ‘परगृह’ ठेवायचंच असेल, तर लंडन हे दुसऱ्याचं घर आहे आणि डालेक त्यात शिरलेत, एवढ्याच अर्थाने ठेवा. शेवटी ‘वासीय’ मात्र कुठल्याही अर्थाने नको.