वाचकांचे प्रश्न : कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

या अंकासाठी नाशिकहून आलेले बहुतेक प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिक्सिंगबद्दल आहेत, आणि त्यातही कॉम्प्रेसर प्लगिनबद्दल, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरबद्दल. म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : मी एफएल स्टुडिओ या संगीत सॉफ्टवेअरवर १२८ बीपीएमचं (मिनिटाला १२८ मात्रांचं) हाउस संगीत करतो. किकवर (बास ड्रमच्या ठोक्यावर) कॉम्प्रेसर लावला की ठोका मऊ पडतो. सात-आठ फुकटचे प्लगिन लावून पाहिले, सगळ्यांत तेच होतं. आता पैसे टाकून एखादा चांगला घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?
— वाचक, कॉलेज रोड

सध्या काहीच घेऊ नका. सात-आठ वेगवेगळ्या प्लगिनमध्ये एकच दोष येतोय, म्हणजे दोष सेटिंगमध्ये आहे, आणि तो बहुधा अटॅकचा, म्हणजे कॉम्प्रेसर दाबायला किती वेळ घेतो त्याचा आहे. किकची टोकदार ‘टक्’ पहिल्या ५ ते १० मिलिसेकंदांत संपते. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत ठेवला तर कॉम्प्रेसर आधी तीच दाबतो आणि मागची शेपटी तेवढीच शिल्लक राहते. त्यामुळे ठोका मऊ वाटतो.

एफएलबरोबर येणाऱ्या फ्रूटी लिमिटरमध्ये कॉम्पचा भाग उघडा. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. आता गेन रिडक्शन (आवाज किती दाबला ते) ४ ते ५ डेसिबल दिसेपर्यंत थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) खाली आणा. हिशेब साधा आहे : ४:१ ला आवाज थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेला तर बाहेर २ डेसिबलच वर जातो, म्हणजे ६ डेसिबल दाबले जातात. मग अटॅक हळूहळू कमी करत या. एका जागी ‘टक्’ बोथट होते; तिथून थोडं मागे या आणि थांबा.

रिलीजचं माप गाण्याच्या वेगातून काढा. ६०,००० ला बीपीएमने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२८ ला ते सुमारे ४६९. पुढचा ठोका पडायच्या आत गेन रिडक्शन शून्यावर आलं पाहिजे. आलं नाही तर पहिला ठोका मोठा आणि पुढचे सगळे थोडे दबलेले राहतात. ब्रेकनंतर (किक थांबते त्या भागानंतर) ड्रॉप येतो, म्हणजे सगळं पुन्हा जोरात सुरू होतं, तिथे हे चटकन ऐकू येतं.

तुलना करताना ऑटो मेकअप गेन (दाबल्यावर आवाज आपोआप वाढवणारी सोय) बंद ठेवा आणि बायपास करून (प्लगिन तात्पुरतं बाजूला ठेवून) दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. नव्या प्लगिनवर पैसे जातात ते बऱ्याचदा याच फसगतीमुळे.

आणखी एक. सॅम्पल पॅकमधली (तयार आवाजांच्या संचातली) किक अनेकदा आधीच कॉम्प्रेस आणि लिमिट केलेली असते. वेव्हफॉर्मचा माथा सपाट दिसला तर दाबण्यासारखं काही उरलेलंच नाही. शेपटी लांब वाटत असेल तर सॅम्पलरच्या एन्व्हलपमध्ये (आवाज किती वेळात वाढतो-विरतो ते ठरतं तिथे) ती आखूड करा, कॉम्प्रेसर काढून टाका.

यानंतरही दुसरा कॉम्प्रेसर हवासा वाटला तर टोकियो डॉन लॅब्जचा कोटेलनिकोव्ह फुकट आहे आणि अतिशय स्वच्छ आहे. त्यात अचानक येणाऱ्या शिखरांसाठी आणि सरासरी पातळीसाठी वेगवेगळे रिलीज आहेत, हा मोठा फायदा. क्लॅंगहेल्मचा डीसी१ए हाही फुकट. त्यात मुख्य नॉब दोनच, इनपुट आणि आउटपुट. चटकन रंग चढवायला तो छान आहे, पण अटॅक शिकायला उपयोगाचा नाही. विकत घ्यायचाच असेल तर फॅबफिल्टर प्रो-सी मध्ये काय दाबलं जातंय ते पडद्यावर दिसतं, म्हणून नवशिक्याला तो फळतो. मात्र ‘आहे त्या कॉम्प्रेसरमध्ये मला अमुक एक गोष्ट करता येत नाही’ हे एका वाक्यात सांगता आलं, तरच घ्या. आणि एका प्लगिनचे आकडे दुसऱ्यात उतरवू नका. प्रत्येक कंपनी अटॅकची वेळ वेगळ्या पद्धतीने मोजते, त्यामुळे इथले १० मिलिसेकंद आणि तिथले १० सारखे वाजत नाहीत.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीसाठी नाशिक ढोलाच्या लूपवर (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर) किक आणि बेस टाकून १२० बीपीएमचा ट्रॅक केलाय. खालचा सगळा आवाज एकमेकांत मिसळून गढूळ होतो. किकवरून साइडचेन दिलं, म्हणजे किक वाजली की बाकीचं दाबलं जावं असं केलं, तर ताशासकट सगळं खाली-वर होतं. कोणता कॉम्प्रेसर लावू?
— वाचक, सातपूर

ढोलाचा घुमारा, किक आणि बेस, तिघेही एकाच पट्ट्यात बसले आहेत. कॉम्प्रेसर त्यांना पाळीपाळीने वाजवू शकतो, पण जागा वाटून देणं इक्वलायझरचं काम आहे. ते आधी करा. तळ कोणाचा हे ठरवा. किकचा ठरवलात तर ढोलाच्या लूपला ९० ते १०० हर्ट्झच्या खाली कट द्या. ढोलाचा ठरवलात तर किक आखूड, टोकदार घ्या आणि तिचा तळ कापा. मिरवणुकीच्या ट्रॅकमध्ये ढोलाला तळ देणं आम्हाला जास्त पटतं. किक कुठल्याही गाण्यात असते, तो घुमारा इतर कुठे मिळत नाही.

मग बेसकडे वळा. मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक निवडा, बेसच्या ट्रॅकखालच्या बाणावर राइट क्लिक करून ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ निवडा. बेसवर फ्रूटी लिमिटर लावून कॉम्पमध्ये साइडचेनचा क्रमांक १ करा. रेशो ४:१ किंवा जास्त, अटॅक १ ते ३ मिलिसेकंद. शून्यावर नेलात तर ‘चट’ असा आवाज येऊ शकतो. रिडक्शन ६ ते ८ डेसिबल. १२० ला मात्रा ५०० मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा २५० ची. बेस उलट्या ठोक्यावर (दोन किकच्या मधोमध) येत असेल तर २५० च्या आत तो पूर्ण वर यायला हवा, म्हणून रिलीज १२० ते १८० मध्ये फिरवून पाहा.

बेसच्या बाबतीत एक चूक हमखास होते. ५० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. बेसवरच साधा कॉम्प्रेसर लावून रिलीज १० मिलिसेकंद ठेवला, तर तो प्रत्येक आवर्तनाच्या आत आवाज वर-खाली करतो आणि बेस खरखरतो. स्पीकर फाटल्यासारखा भास होतो, दोष मात्र रिलीजचा असतो. बेसला रिलीज ५० मिलिसेकंदांच्या खाली सहसा नेऊ नका.

ढोलाचा पूर्ण लूप किकने दाबू नका. टिपरूचा फटका आणि ताशाची तर्री वरच्या पट्ट्यात आहेत, त्यांचं किकशी भांडणच नाही. लूप दोन मिक्सर ट्रॅकवर घ्या : एकावर १८० हर्ट्झच्या खालचं, दुसऱ्यावर वरचं. साइडचेन फक्त खालच्याला, तेही ३ डेसिबलपुरतं. मल्टिबँड (प्रत्येक पट्टा वेगळा दाबणाऱ्या) कॉम्प्रेसरला बाहेरचं साइडचेन घेता येत असेल तर हेच काम एका प्लगिनमध्ये होतं.

वरच्या ट्रॅकवर ताशा आवरायचा असेल तर रिलीज फार जलद नको. १२० बीपीएमला सोळांशाची अंतरं १२५ मिलिसेकंदांची आणि बत्तिसांशाची ६२ ची पडतात. रिलीज ३० असला तर कॉम्प्रेसर प्रत्येक काडीमागे सुटतो आणि मधला गोंगाट वर येतो. १५० ते २०० ठेवलात तर तो सगळ्या तर्रीला एकच सलग आवाज समजतो.

लूप रस्त्यावर रेकॉर्ड केलेला असेल तर मर्यादा ओळखा. ६ डेसिबल दाबून ६ डेसिबल मेकअप दिलात की मागची गर्दी, शिट्ट्या, वाहनंही ६ डेसिबलने वर येतात. पॅरलल कॉम्प्रेशननेही (दाबलेला आवाज मूळ आवाजात मिसळण्यानेही) हेच होतं. शक्य असेल तर ढोलाची टिपरूची बाजू आणि हाताच्या थापेची बाजू वेगवेगळ्या एकेका ठोक्यात रेकॉर्ड करून घ्या. मग यातला अर्धा खटाटोप वाचतो.

किकच्या ठोक्यांची ताकद कमी-जास्त असेल तर बेसही कमी-जास्त दबतो. त्यासाठी एक मूक किक ठेवा : सगळे ठोके समान, तिचा आवाज मास्टरला (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकला) जात नाही, फक्त साइडचेनला जातो. ब्रेकमध्ये खरी किक थांबली तरी पंपिंग (ठोक्यागणिक आवाजाचं खाली-वर होणं) चालू ठेवता येतं, हा वरचा लाभ. निव्वळ पंपिंगच हवं असेल तर एक्सफरच्या एलएफओ टूलसारखं आवाजाची वळणरेषा काढून देणारं प्लगिन कॉम्प्रेसरपेक्षा नेमकं काम करतं.

प्रश्न : ११७६ आणि एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसर यंत्रांच्या प्लगिन-नकला सगळेच सुचवतात. सिंथसाठी यातली कोणती?
— वाचक, देवळाली कॅम्प

११७६ हा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरणारा, १९६७ च्या सुमाराचा. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत संथ ठेवला तरी १ मिलिसेकंदाच्या आत. शिवाय नॉब उलटे : ७ वर सर्वांत जलद, १ वर सर्वांत संथ. हे न कळल्याने अनेकांचं गणित चुकतं. प्लक, स्टॅब, ॲसिड लाइन अशा टोकदार सिंथ आवाजांना तो धार देतो. एलए-२ए ऑप्टिकल आहे, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने दाबतो. त्याचा रिलीज दोन टप्प्यांत, अर्धा चटकन आणि उरलेला कितीतरी सेकंद रेंगाळत, म्हणून लांब पॅड आणि गायन त्याला मानवतं. जलद आर्पेजिओवर (एकामागून एक सुट्या स्वरांवर) तो लावू नका, सुटतच नाही. वेगवान किकवर दोन्ही टाळा. तिथे मिलिसेकंदांत अटॅक ठरवता येणारा साधा डिजिटल किंवा व्हीसीए (व्होल्टेजने आवाज आवरणारा) प्रकारचाच बरा.

प्रश्न : लॅपटॉपवर कीबोर्ड वाजवताना आवाज उशिरा येतो. कॉम्प्रेसर काढले की ठीक.
— वाचक, पंचवटी

लुकअहेड (पुढचा आवाज आधी पाहून दाबणं) आणि ओव्हरसॅम्पलिंग (आतलं गणित जास्त सॅम्पल घेऊन करणं) बंद करा. ५ मिलिसेकंदांचा लुकअहेड तेवढाच उशीर घालतो, आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक त्याच्याशी जुळवायला मागे ढकलतं. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे आणखी ११.६ मिलिसेकंद. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला १०२४. ओव्हरसॅम्पलिंग शेवटी फाइल काढताना चालू करा, मात्र ती फाइल एकदा पूर्ण ऐका.

प्रश्न : मास्टरवर ओटीटी लावला की घरी गाणं भरगच्च वाटतं. हॉलमधल्या डीजे सिस्टीमवर मात्र कर्कश आणि छोटं. का?
— वाचक, सिडको

एक्सफरचा ओटीटी हा कॉम्प्रेसर तीन पट्ट्यांत मोठा आवाज खाली दाबतो आणि बारीक आवाज वर ओढतो. रिव्हर्बची शेपटी, हिस, हायहॅटची सळसळ सगळं पुढे येतं, आणि किक व बाकीचं यातला फरक मिटतो. हॉलच्या सिस्टीमला तोच फरक हवा असतो. बहुतेक ठिकाणी सिस्टीमच्या प्रोसेसरमध्येही लिमिटर असतो, म्हणजे आधीच दाबलेलं गाणं तिथे पुन्हा दाबलं जातं.

ओटीटी मास्टरवरून काढा. लीड सिंथवर लावा आणि डेप्थ १०० वरून २० ते ३० टक्क्यांवर आणा. मास्टरवर ग्लू प्रकारचा (सगळे ट्रॅक एकत्र सांधणारा) बस कॉम्प्रेसर ठेवा : रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, गेन रिडक्शनचा काटा १ ते २ डेसिबलपलीकडे जाऊ देऊ नका. त्याच्या साइडचेन फिल्टरला १०० हर्ट्झवर हायपास द्या, म्हणजे त्याखालच्या आवाजाने तो दाबणार नाही. नाहीतर प्रत्येक किकबरोबर गाणं बुडतं. काटा ४ डेसिबलवर जात असेल तर मास्टरला हात लावू नका. एखादा ट्रॅकच जास्त मोठा आहे, बहुधा किक. फेडर २ डेसिबल खाली घ्या आणि काटा पुन्हा पाहा.