सिरपमध्ये अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलनेट कशाला?

मुलीच्या सिरपवर दोन नावं दिसली, म्हणजे दोन अँटिबायोटिक्स का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. मारण्याचं काम अमॉक्सिसिलिनचं. जिवाणूची पेशीभित्तिका विणणारं एन्झाइम ते बंद पाडतं. पण बऱ्याच जिवाणूंकडे बीटा-लॅक्टमेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं, ते औषधाचीच मोडतोड करतं. क्लॅव्ह्युलनेट इथे बळीचा बकरा. एन्झाइम त्याला धरायला जातं आणि स्वतःच निकामी होतं. ही जोडगोळी १९८१ पासून वापरात आहे.

एनडीएम-१ नावाच्या बीटा-लॅक्टमेजपुढे मात्र या जोडगोळीचं काही चालत नाही. ते एन्झाइम जस्ताच्या बळावर चालतं, म्हणून क्लॅव्ह्युलनेटला फसत नाही. तिथे ॲझ्ट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक टिकतं, पण अशा जिवाणूंकडची इतर एन्झाइम्स त्याला तोडतात, म्हणून सोबत त्या एन्झाइम्सना रोखणारं ॲव्हिबॅक्टम. या जोडीला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. अर्थात ते गंभीर रुग्णांसाठीचं इंजेक्शन. साध्या सर्दीला यातलं काहीच लागत नाही.

आणि हो, क्लॅव्ह्युलनेट फार नाजूक. पाणी घालून तयार केलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा आणि साधारण सात दिवसांनी टाकून द्या. सोलापूरच्या मे महिन्यात ती ओट्यावर ठेवू नका.