‘बंद आहे’ म्हणाले, तरी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

लाइनमनच्या हाताखाली लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. तिला काळजी वाटते, मला थोडी कमी. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘लाइन बंद आहे’ असं कुणी सांगितलं, की ती चालूच आहे असं धरून चालायचं. सबस्टेशनातून फोन आला, लाइनवर काम करायचं परमिट हातात पडलं, तरीसुद्धा.

कारण करंट फक्त सबस्टेशनातूनच येतो असं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा दिवसांत कुणीतरी जनरेटर आणतो आणि मेन स्विच न पाडता त्याची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसतो. तो करंट मीटरमधून उलटा पोलावर जातो. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर पोचला, की तो ट्रान्सफॉर्मर आपलं काम उलट्या दिशेने करतो; २३० व्होल्टचे काही हजार होतात. जनरेटरवाल्याच्या घरी पंखा फिरतोय, आणि चार वाड्या पलीकडे तू ‘बंद’ तारेला हात घालतोयस.

म्हणून एबी स्विचची, म्हणजे पोलावरच्या लाइन तोडणाऱ्या स्विचची, पाती उघडली का, ते खाली उभं राहून डोळ्यांनी बघ. खाऱ्या वाऱ्याने गंजून एखादं पातं अडकून राहतं, हँडल मात्र पूर्ण खाली आलेलं असतं. मग तारेत करंट आहे का ते दाखवणारा डिटेक्टर लाव. पण तो चालतो का, हे आधी चालू लाइनवर बघून घे. मग तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड: आधी अर्थचा क्लॅम्प, नंतर तारेला आकडा, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना. काढताना आधी तार, मग अर्थ. एवढ्यात साहेब घाई करतील, गावकरी शिव्या घालतील. घालू देत.

हातमोजे मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडून बघ. बोटातून सुस्कारा आला, की ते टाकून दे.

घरगुती कामं करशील तेव्हा आपल्या जांभ्या दगडाला विसरू नकोस. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो, अर्थिंग नावापुरतं उरतं. पंपाच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंगचा रोध ५० ओहम असला, तर २३० व्होल्टवर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात. जास्त करंट वाहिला की पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने ढिम्म हलत नाही, आणि बॉडीतला करंट तसाच राहतो. तिथे जमिनीत गळणारा थोडासा करंटही ओळखून सप्लाय तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच हवा. लोक ‘खर्च कशाला’ म्हणतात. विहिरीवरच्या पंपाला तरी अडून बस.

कुणी चिकटला तर हात लावू नकोस, आधी सप्लाय तोड.

गणपतीत ये. मंडपालाही आरसीसीबी बसवायचाय. वर्गणीतून पैसे काढायचं मी बघतो.

तुझा,
काका